डावीकडचं मागचं चाक

फिजिओताईंनी गाडी सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत घेतली तेव्हा पहारेकरी ओळखीचं हसला, आणि ताईंना त्या हसण्याचाच राग आला. जिथं वर्षातून एकदा यायचं तिथला पहारेकरी आपल्याला ओळखायला लागला, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे नक्की.

झालं होतं असं. ताई घरोघर जाऊन लोकांकडून व्यायाम करून घ्यायच्या. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा लुळा पडलेला हात. दिवसभर गाडी, जिने आणि दुसऱ्यांची हाडं. गाडी म्हणजे त्यांचं दुकानच. मागच्या सीटवर रबरी पट्टे, वाळूच्या पिशव्या, उशा. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून पुढचे मागं आणि मागचे पुढं करून घ्यायचे, एवढं साधं काम घेऊन त्या इथं आल्या होत्या. संध्याकाळी गाडी मिळाली, धुऊनपुसून लख्ख. टायर बदलून लावले, असं बिलावर छापलेलंही होतं. दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या दारात पिशव्या उतरवताना त्यांची नजर पुढच्या डाव्या टायरवर गेली. त्याच्या अंगावर चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. फुटपाथच्या कडेला घासून तो ताईंनीच काढलेला. तो टायर आता मागं असायला हवा होता. पण स्वारी जागची हलली नव्हती.

त्या परत गेल्या. काउंटरवरच्या सल्लागाराच्या गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा टाय होता. ताईंनी मनातल्या मनात त्याचं नाव ‘टायवाला’ ठेवून टाकलं.

“मॅडम, सिस्टीममध्ये तर काम झालेलं दिसतंय,” टायवाला म्हणाला.

“सिस्टीममध्ये झालं असेल हो. गाडीत नाही झालं.”

ओरखडा बघितल्यावर त्यानं “असं कधी होत नाही” एवढंच म्हटलं आणि गाडी आत पाठवली. बंद व्हायची वेळ झाली होती. कुणीतरी घाईघाईत चाकं काढली, लावली, आणि किल्ली ताईंच्या हातात टेकवली.

त्या दिवसापासून आवाज सुरू झाला. टक्... टक्... मागून कुठूनतरी, गाडी हळू वळवली की. ताईंनी नवऱ्याला शेजारी बसवून एक चक्कर मारली. नवऱ्यानं बसल्या बसल्या रेडिओ लावला.

“मला नाही बाई ऐकू येत,” तो म्हणाला. “तू दमलीयस. माणूस दमला की सगळंच वाजायला लागतं.”

ते अर्धं खरंही होतं. ताई इतक्या दमल्या होत्या की भांडायचं म्हटलं तरी आधी कुठंतरी टेकावंसं वाटायचं. त्यांनी टायवाल्याला फोन केला. तो म्हणाला, डिकीत काही सामान असेल, तेच आदळत असेल. ताईंनी डिकी रिकामी केली, सीटवरचं सगळं घरात नेऊन ठेवलं. आवाज होता तिथंच होता. मग तो म्हणाला, रस्ते खराब आहेत. मग म्हणाला, टायर नव्या जागी बसायला वेळ घेतात. लहान मुलाची समजूत काढावी तसं एकेक कारण तो पुढं करत होता.

आणि म्हणून आज त्या पुन्हा आल्या होत्या. टायवाल्यानं त्यांना लांबूनच बघितलं आणि कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

“मॅनेजर कुठं बसतात?” ताईंनी विचारलं.

“साहेब जेवतायत, मॅडम.”

“जेवू देत. मी दारात उभी राहते.”

त्या खरंच दारात उभ्या राहिल्या. आत मॅनेजर म्हणजे एक जाडजूड, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेले गृहस्थ. एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. पलीकडून कुणीतरी त्यांना झापत होतं, आणि ते “हो, हो, बघतो” एवढंच म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी ताईंकडे बघितलं, मग डब्याकडे, आणि डब्याला झाकण लावलं.

“तुमचीच ती आवाजवाली गाडी?”

“हो. मला कागद दाखवू नका, चहा देऊ नका. माझ्या शेजारी बसा आणि तुमच्या कानांनी ऐका. मात्र मला पेशंटकडे जायचंय, उशीर झालाय. तिकडच्याच रस्त्यानं जाऊ.”

मॅनेजरनी काहीतरी सबब शोधायला तोंड उघडलं, पण तीही बहुधा दमून बसली होती. ते उठले.

सरळ रस्त्याला गाडी अगदी गरीब गाय. मॅनेजर खिडकीबाहेर बघत राहिले. ताईंना घाम फुटला. आजारी पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि तिथं पोचल्यावर ते टुणटुण उड्या मारायला लागावं, तशी गत. मग कोपऱ्यावर त्यांनी गाडी वळवली.

टक्. टक्. टक्.

मॅनेजर ताठ बसले. “हळू घ्या,” ते म्हणाले. “एकदम हळू. बाजूला लावा.”

“पेशंटचं घर समोरच आहे. हे बघा, आलंच.”

गाडी थांबली. “आवाज आहे ना?” ताईंनी विचारलं.

“आहे.”

एवढाच शब्द. पण तो ऐकायला त्या किती हिंडल्या होत्या! त्यांना वाटलं, आपण आता याला चांगलं फैलावर घ्यावं. पण त्याला आता वेळ नव्हता. वरच्या मजल्यावर शिंपीकाका वाट बघत होते. काकांचा उजवा हात आणि पाय झटक्यात गेला होता, आणि आज काकूंची पाठ धरली होती म्हणून त्यांना उभं करायला दुसरं माणूस नव्हतं.

“गाडी नंतर बघा,” ताई म्हणाल्या. “आधी वर येता का? एक हात लागेल.”

मॅनेजर मुकाट्यानं जिना चढले. ताईंनी दाखवलं तसा त्यांनी काकांच्या कमरेला पट्टा धरला. “एक, दोन, उठा.” काका उठले. गुडघा लटपटला, मॅनेजरचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी पट्टा सोडला नाही. काका उभ्या उभ्या त्यांच्या शर्टाकडे बघत राहिले आणि जड जिभेनं म्हणाले, “खिसा... तिरका.”

काकू पलंगावरून हसल्या. “बोलले! काल दिवसभर तोंड उघडलं नव्हतं हो.”

मॅनेजरनी खाली मान घालून खिसा बघितला. खरंच तिरका होता. तेही हसले, आणि काकांना नीट बसवून खाली गेले.

ताई व्यायाम संपवून खाली आल्या तर डिकी उघडी, पाना बाहेर, आणि साहेब डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. त्यांनी एका नटाला दोन बोटं लावली. नट फिरला. सहज, बाटलीच्या झाकणासारखा.

“सगळे असेच आहेत,” ते वर न बघता म्हणाले. “चाक लावताना नट हातानं फिरवून ठेवले, पान्यानं आवळायचे राहिले. बोल्टचे आटेही खाल्ले गेलेत. गाडी आता चालवायची नाही. उचलून न्यावी लागेल.”

ताई फुटपाथच्या कडेला बसल्या. याच चाकावर त्या इतके दिवस भरधाव फिरल्या होत्या, एकदा तर सासूबाईंना मागं बसवून.

“म्हणजे चाक निखळलंही असतं?”

“हो,” मॅनेजर म्हणाले. त्यांनी ना रस्त्याचं नाव घेतलं, ना सामानाचं. “चूक आमची आहे. आधीचीही आणि ही पण. तुम्ही वर लेखी तक्रार करा. मी अडवणार नाही.”

“लिहायला बसायचं कुणी?” ताई म्हणाल्या. “तुम्हीच लिहा. आणि त्या तुमच्या टायवाल्याला सांगा, बाई सांगते तेव्हा एकदा वाकून चाकाकडे तरी बघ.”

मॅनेजरनी मान हलवली. सेंटरमधून दुसरी गाडी येईपर्यंत दोघं फुटपाथवरच बसून राहिली. काकूंनी वरून, पलंगालगतच्या खिडकीतून चहा विचारला, आणि ताई या खेपेला नको म्हणाल्या नाहीत.

त्या घरी पोचल्या त्या सेंटरच्या गाडीतून, शेजारच्या सीटवर मान कलंडून. नवरा दारात उभा होता.

“गाडी?”

“सेंटरमध्ये.”

“परत? आता काय निघालं?”

“मागच्या चाकाचे नट. सगळे सैल.”

ताई बूट न काढताच सोफ्यावर आडव्या झाल्या. जरा वेळानं त्यांना जाणवलं, कुणीतरी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडतंय.

“उद्या पहिलं कुणाकडे जायचंय?” नवऱ्यानं विचारलं. “मी स्कूटरवर सोडतो.”

“वाळूच्या पिशव्या असतात,” ताई डोळे मिटूनच म्हणाल्या.

“पायाशी ठेवू.”

त्या काही बोलल्या नाहीत. त्याला वाटलं विचार करतायत. त्या झोपल्या होत्या.