दोनशे चौदा मुलं

“हिलापण धरता का मोजणीत?” शिवणवालीनं विचारलं आणि ओठांत धरलेली टाचणी काढून उशीत खोचली.

मशीनच्या पायाशी सात वर्षांची मुलगी चिंध्यांचे रंगवार ढीग लावत बसली होती. थोरल्या दोघांची नावं सांगून झाली होती. बाईंनी कागदावरून मान वर केली.

“का नाही धरायचं?”

“ऐकू येत नाही हो तिला. शाळेतले म्हणाले, आमच्याकडे तसं शिकवणारं कोणी नाही. मग मीही नाद सोडला.”

“सगळं सांगा. कधी लक्षात आलं, खुणांनी काय काय कळतं. हा नववा रकाना त्याच्यासाठीच आहे. तो कोरा राहिला, की वरच्यांना वाटतं, कुणाला काही लागतच नाही.”

शिवणवाली आधी जपून बोलली, मग मात्र भडाभडा बोलत सुटली. रकाना पुरेना, तेव्हा बाईंनी कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं. बाई निघाल्या, तेव्हा ती हसून म्हणाली, “एवढं तर मी हिच्या बाबांनाही सांगितलं नव्हतं. त्यांना ऐकू येतं, पण ते ऐकत नाहीत.”

बाई त्या भागातल्या चार खोल्यांच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवत होत्या. मुलांची मोजणी म्हणजे शिक्षकांच्या मागचं शुक्लकाष्ठ. बहुतेक जण एका दुकानाच्या पायरीवर बसून अख्ख्या गल्लीचे कागद भरून टाकत. बाईंनी मात्र या वर्षी ते काम मागून घेतलं होतं, कारण त्यांची मैत्रीण आता शिक्षणाधिकारी झाली होती. शिक्षिका होण्याच्या परीक्षेच्या वेळी दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. एकीला ताप आला, तेव्हा दुसरीनं दोघींच्या वह्या लिहिल्या होत्या.

“तू खरं काय ते लिहून आण,” मैत्रीण म्हणाली होती. “बाकीच्यांच्या आकड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. तुझ्या आकड्यांवर मी खास वर्ग मंजूर करून घेते. माझा शब्द आहे तुला.”

तीन महिने बाई शाळा सुटल्यावर जिने चढल्या-उतरल्या. जुळे भाऊ एकाआड एक दिवस शाळेत येतात, कारण एकाला तान्ह्या बहिणीपाशी थांबावं लागतं, हे त्यांना तेव्हा कळलं. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी एक दहा वर्षांची मुलगी अख्ख्या मजल्याची दुभाषी झाली होती. स्वतःच्या धड्यातलं मात्र तिला एक अक्षरही कळत नव्हतं. बाई प्रत्येक घरी एकच वाक्य सांगत, “लपवू नका, लिहून दिलंत तर मिळेल.” आणि लोक सांगत. एकूण दोनशे चौदा मुलं. त्यांतली सदुसष्ट शाळेत जात नव्हती आणि आणखी नऊ जणांना वेगळी शिकवणी हवी होती.

कागदांचा गठ्ठा मैत्रिणीच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिनं बाईंचा हात हातात घेतला. “शेवटच्या कोऱ्या पानावर सही करून ठेव. टाइप झालं की जोडून घेते. परत खेप नको तुला.”

बाईंनी सही केली.

दोन महिन्यांनी छापील अहवाल शाळेत आला. मुलांची संख्या एकशे अडतीस. उरलेली शहात्तर मुलं ‘स्थलांतरित’. नववा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत निरंक. भागात दीडशेपेक्षा कमी मुलं उरल्यानं शाळा बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवावं, अशी शिफारस होती. तिच्याखाली बाईंची सही, ठळक आणि वळणदार.

बाई तशाच ऑफिसात गेल्या.

“माझी मुलं कुठं गेली?”

“दार लाव आधी,” मैत्रीण म्हणाली. “हे बघ, शाळा बंद करायचं तुझ्या मोजणीच्या आधीच ठरलं होतं. जागा दुसऱ्या कामाला हवी आहे. माझ्या हातात काही नव्हतं.”

“मग मला कशाला फिरवलंस दारोदार?”

मैत्रीण खिडकीकडे बघत राहिली. “दुसऱ्या कुणाची सही असती, तर लोकांनी शंका घेतली असती. तुझ्यावर कोण शंका घेणार?”

इतक्या वर्षांत बाईंच्या खरेपणाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

“तू मला खोटं बोलायला सांगितलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या.

“म्हणून तर नाही सांगितलं.”

पालकांच्या सभेत बाईंना व्यासपीठावर बसवलं होतं. मैत्रिणीचं भाषण संपायच्या आत शिवणवाली उभी राहिली. “बाई, माझी मुलगी स्थलांतरित झाली म्हणे. कुठं गेली ती? सकाळी तर तिची वेणी घातली मी.”

कोणीतरी हसलं. बाई उठल्या. “सही माझी आहे. आकडा माझा नाही. मी दोनशे चौदा मुलं लिहिली होती.”

सभागृहात गलका झाला. पण शिवणवालीचा आवाज त्यातूनही स्वच्छ आला, “आम्ही त्यांना कुठं सांगितलं होतं, बाई? आम्ही तुम्हाला सांगितलं होतं.”

बाईंनी लेखी तक्रार केली, सोबत आपली कच्ची वही जोडली. ‘कच्च्या नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत,’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. शाळेला कुलूप लागलं. बाईंची बदली रस्त्यापलीकडे झाली. सकाळी त्या हमरस्त्याच्या कडेला उभ्या राहून येतील तेवढ्या मुलांना हाताला धरून पलीकडे नेत. सुरुवातीला नव्वद होती, पुढं साठ. मैत्रिणीला बढती मिळाली. तिचा दोनदा फोन आला. बाईंनी उचलला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी निघाली. या वेळी काम एका नव्या, तरुण शिक्षिकेकडे होतं. गल्ल्या ठाऊक आहेत म्हणून मुख्याध्यापकांनी बाईंना तिच्यासोबत धाडलं.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. शिवणवालीनं मान वर केली, बाईंना पाहिलं आणि पुन्हा कापडाकडे वळली. तिनं या म्हटलं नाही.

“घरात चौदा वर्षांखालची मुलं किती?” तरुण शिक्षिकेनं उत्साहानं विचारलं.

“इथं कोणी मूल नाही.”

तिच्या गुडघ्याला टेकून मुलगी बसली होती. वर्षभरात उंच झाली होती. शिवणीतले जादा धागे ती एकेक करून कात्रीनं कापत होती, अगदी सराईतपणे. बाई दिसताच तिनं कात्री खाली ठेवली आणि हात हलवला. बाईंनीही हलवला.

तरुण शिक्षिकेचं पेन हवेतच थांबलं. “बाई, पण ही...”

शिवणवाली आता सरळ बाईंकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बाईंना काही बोलता आलं असतं.

“त्या सांगतात तेच लिहायचं,” बाई म्हणाल्या. “चल, पुढचं घर.”