जोर कुठं गेला

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मिस्त्रींनी पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळलं, मूठ आपल्या कानाला लावली आणि टोक बायकोच्या गुडघ्यावर टेकवलं.

"अहो, मी काय पंप आहे?"

"गप्प बस जरा. ऐकू दे."

चाळीस वर्षं ते पंप दुरुस्त करत होते. मोटर फिरते पण पाणी चढत नाही, अशी तक्रार आली की ते बेअरिंगला असाच कान लावत. जोर नाहीसा होत नाही, हे त्यांचं पक्कं मत. पाण्यात नाही गेला तर तापण्यात गेला असेल, थरथरण्यात, आवाजात. शोधला की सापडतोच.

आता बायको चार पायऱ्या चढली तरी मटकन बसत होती. हृदय थकलंय, आता फारसं काही करता येणार नाही, असं तीन डॉक्टर सांगून चुकले होते. मिस्त्रींना पटेना. चौथा डॉक्टर पाच तासांच्या वाटेवर होता. सोमवारची गाडीही सांगून झाली.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "पुरे झाली तपासणी. मला घरी राहू द्या."

थोरली लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. मिस्त्रींनी तिला बोलावून घेतलं.

"तूच सांग हिला. जोर असा हवेत विरतो का कुठं?"

थोरली आईशेजारी येऊन बसली.

"तुमच्या पंपात नाही विरत, बाबा. पण फार लांबून प्रकाश येतो ना, त्याच्या वाटेवर आकाशच ताणलं जातं. प्रकाशही ताणला जातो, अशक्त होतो."

"मग त्याचा जोर आकाशानं घेतला असेल."

"नाही. तो कुठं साठलाय, असं दाखवताच येत नाही."

"म्हणजे तुमच्या मोजण्यात चूक आहे. नीट बघा म्हणावं."

"मोजणं बरोबर आहे, बाबा. भोवतालचं सगळं काल होतं तसंच आज असेल, तोवरच जोर टिकायचा नियम. तिथं तसं राहत नाही."

"घ्या!" बायको हसली. "आता आकाशाला लावा पेचकस."

मिस्त्री हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले, पुसून झाला तरी.

सोमवारी गाडीवाला आला. त्याला चहा पाजून त्यांनी परत पाठवलं. दुकान उघडलंच नाही. पोरींपैकी लहानपणी जास्त घोरायचं कोण, यावर दोघं दुपारभर भांडले.

ती चौदा ऑक्टोबरला दुपारी घरीच गेली. सहासष्ट वर्षांची होती.