लांबलेलं गाऱ्हाणं

एचआयव्ही कोणाला आहे हे आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक. एचआयव्ही म्हणजे काय ते विचारा, की सगळे खोकायला लागतात.

जिच्यामुळे खोकतात ती शर्मिला माझी धाकटी जाऊ. माझा दीर शंकर गेला तेव्हा तपासणीत कळलं की हिलाही आहे. त्याला वर्षं झाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणते, वेळेवर घेते आणि भाताची लावणी माझ्या दुप्पट करते. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांमुळे तिच्या रक्तात तो विषाणू आता तपासणीतसुद्धा सापडत नाही, आणि शेजारी बसून जेवल्याने तर तो कधीच पसरत नव्हता. पण गावातल्या महादूने तिला दवाखान्यातल्या त्या रांगेत पाहिलं आणि तळेऱ्याच्या स्टँडपासून घरापर्यंत बातमी वाटत आला. हा मेला स्वतः मूळव्याधीच्या रांगेत उभा होता, ते कोणी विचारलं नाही. शिरा पडो त्याच्या तोंडावर!

तेव्हापासून देवळाच्या समाराधनेला सगळा गाव मंडपात जेवतो आणि शर्मिलाचं पान बाहेर पायरीवर. ही अक्कल देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांची, श्रीपादकाकांची.

"समजा, डास शर्मिलेक चावलो," त्यांनी मला समजावलं, "आणि मगे वरणात पडलो, तर?"

"काका, डासान तसा काय होना नाय. आणि तुमी डास पडलेला वरण खातास कित्याक?" मी म्हटलं.

त्यावर ते खोकले.

यंदा समाराधनेच्या आधी शर्मिला माझ्या चुलीपाशी येऊन बसली. "वयनी, ह्या वर्षी माझा पान पायरेर पडला, तर मी भांडुपाक बहिणीकडे जातंय. परत येवचंय नाय." ओरडली असती तर मी घाबरले नसते. ती हळू बोलली. ही गेली तर या घरात माझं माणूस कोण?

आता आमचे हे. भिकाजी. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. समाराधनेला नारळ हातात धरून हे देवासमोर उभे राहतात, गावाच्या वतीने एकेक मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला मागून सगळा गाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" एकदा देवासमोर व्हय म्हटलं की गाव बांधला गेला. ब्रह्मदेवाच्या बापाला ते फिरवता येत नाही.

मी यांना म्हटलं, "गाऱ्हाण्यात एकच वाक्य घाला. गावातली सगळी लेकरा एका पंगतीत जेवूंदेत."

"माका गावात रवाचा आसा गो!" हे म्हणाले.

"रवा. पण जेवशात काय?"

त्या दिवसापासून मी यांना नुसती पेज वाढायला लागले. शेजारच्या घरातून बांगड्याच्या तिखल्याचा वास आला की हे खिडकीत जाऊन उभे राहत. शेवटी डोळ्यांत पाणी आणून कबूल झाले. शर्मिलाला मी काही सांगितलं नाही. यांचा काय भरवसा!

समाराधनेच्या दुपारी देऊळ भरलेलं. पानं मांडलेली, वाढपी बादल्या घेऊन तयार, वासाने सगळे कासावीस. यांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! काजीचो मोहर टिकूंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आंब्यावयले माकड शेजारच्या गावात जावंदेत!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात जोरात.

"गावातली सगळी लेकरा, शर्मिलेक धरून, एका पंगतीत जेवूंदेत!"

"व्हय म्हाराजा!"

झालं! मी हात जोडले. इथे थांबायचं ना? पण आमच्या ह्यांना एकदा सूर लागला की आवरत नाही. "आणि जो कोण तिका बाजूक काढीत, त्याका आठवडाभर परसाकडे पळव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" श्रीपादकाकांचा आवाज तर घंटेच्याही वर.

मग सगळ्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"आता आपण कशाक व्हय म्हटला?" काकांनी हळूच विचारलं.

महादूने मोबाईलवर सगळं चित्रित केलं होतं. त्याने लावून दाखवलं. मोबाईलमधले भिकाजी म्हणाले, "परसाकडे पळव रे म्हाराजा!" आणि सवयीने सगळा गाव परत ओरडला, "व्हय म्हाराजा!"

"बंद कर मेल्या!" काका किंचाळले. "दोनदा झाला!"

शर्मिलाला मंडपात बोलवायला माणसं धावली. मी आपली गालात हसत होते. पण ती पायरीवरच बसलेली, पदर खोचून. "परसाकडच्या भीतीन बसवतास माका? फुडल्या वर्षी भाऊजींचो घसो बसलो, की मी परत हयसरच. माका नको तुमची पंगत. संध्याकाळी गाडी आसा, मी जातंय."

माझं हसू तिथेच गेलं. खरं तेच बोलत होती.

आत मात्र वेगळाच घोळ. "ती आपणच गेली तर आमका लागू पडता काय?" काकांनी यांना विचारलं. हे म्हणाले, देवाला विचारावं लागेल, त्याला दुसरा नारळ लागेल. पोटं धरून सगळे वाद घालायला लागले. चार जण तर आधीच दुखतंय म्हणाले.

तेवढ्यात सुनीतीकाकी उठल्या. या श्रीपादकाकांच्या बायको. चारचौघांत कधी तोंड उघडत नाहीत. त्यांनी एक पान वाढून घेतलं, पायरीवर शर्मिलासमोर ठेवलं. मग आपलं पान उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"अगो, आत बस! तिका आत आणूची आसा!" काका ओरडले.

"तुमी घाला वाद," काकी म्हणाल्या. मग शर्मिलाकडे वळल्या. "गेल्या वर्षी तुझा पान हयसर मीच ठेवलंय. कागदाचा, लांबसून. ता माका लय लागला गो. घराक जावन रडलंय. भीती वाटा होती, खोटा कित्याक बोलू?"

मी माझं पान घेऊन शर्मिलाच्या दुसऱ्या बाजूला टेकले. मग एकेक बाई आली. पायऱ्या भरल्या. वाढपी मंडपातून बादल्या घेऊन बाहेर आले, आणि शेवटी पुरुषही जागा शोधत आले. श्रीपादकाकांना तुळशीपाशी उन्हात जागा मिळाली.

काकींनी भात कालवला, दोन घास खाल्ले. मग शेजारी हात घातला आणि शर्मिलाच्या पानातली लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकली.

शर्मिला बघतच राहिली. त्या पानाला इतक्या वर्षांत कोणी बोट लावलं नव्हतं. तिचे डोळे भरले, आणि मग तिने काकींच्या हातावर सणसणीत चापट मारली.

"काकी! माझी एकच फोड होती ती!"

"मगे माग ना आणखी!"

"ओ वाढपी!" शर्मिला सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशी ओरडली. "लोणचा हाडा हयसर! आणि भात पण!"