तलावाकाठचा गोल मनोरा

नवेगाव बांधच्या तलावाकाठी मनिराम गवंड्याने एक गोल दगडी मनोरा बांधला, तो पाटबंधाऱ्याच्या कामावर आलेल्या आयरिश साहेबाच्या हौसेखातर. साहेबाच्या मुलखात जुन्या मठांपाशी असे मनोरे असतात. दार दोन पुरुष उंचीवर. ते घंटेसाठी बांधले की लुटारूंपासून लपायला, यावर तिथले विद्वान अजून भांडतात, असे तो सांगे. साहेब गेला, मनोरा राहिला. त्या दारापर्यंत ना रानडुक्कर पोचे ना तलावाचे पाणी, म्हणून मनिरामची सून रुख्मा त्यात धान साठवू लागली.

तिचा नवरा सुकराम मात्र बाजारात तो गोंड राजाचा बुरूज म्हणून सांगे. दर वर्षी राजा थोडा आणखी जुना होई. साहेबाला पाहिलेली बहुतेक माणसे सरली होती. उरलेल्यांना राजाच आवडे.

१९३४च्या कार्तिकात जुन्या वास्तूंची नोंद करणारे अधिकारी नागपूरहून आले. गावाने त्यांना एकमुखाने राजा सांगितला.

"तसे असेल तर सरकार हा बुरूज जपेल," अधिकारी म्हणाले. "मग आत धान ठेवता येणार नाही."

शेतात धान कापणीला आले होते.

"बोला ना आता," रुख्मा नवऱ्याला म्हणाली. "राजालेच विचारा, माहं धान कुठी ठेवू."

"माह्या बापानं बांधला, सायेब," सुकराम पुटपुटला.

शेजारचा सेवकराम म्हणाला, "कालपर्यंत तं राजानं बांधला होता. तुहा बाप राजा कधी झाला बे?"

"पुरावा लागेल," अधिकारी म्हणाले.

"मामाजी विहीर बांधो का घर," रुख्मा म्हणाली, "पयल्या दगडाखाली हळकुंड, सुपारी अन् तांब्याचा पैसा ठेवत. दाराच्या बाजूनं खोदून पाहा."

पाया जेमतेम हातभर खोल निघाला. हळकुंड-सुपारी मातीत गेली होती. पैसा होता, हिरवा पडलेला. अधिकाऱ्यांनी तो पुसला. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखडा, दुसऱ्या बाजूला साल १८९७.

"याच्या आधीचा हा मनोरा असूच शकत नाही," ते म्हणाले आणि पैसा पुन्हा जागेवर ठेवायला लावला.

"म्हंजे मी लय चुकलो नाही," सुकराम म्हणाला. "राजा नाही, राणी निघाली."

"हो. अन् राणीनं सांगून ठेवलं हाये, यंदा पोते तुमीच चढवा." रुख्माने शिडी दाराला लावली.