साखराबाईंनी धुतलेला रणगाडा

मी रणगाडा बोलतोय. हसलात ना? हसा, हसा. नांदेडात ज्याने त्याने मला पाहून आधी हसूनच घेतलंय. वीतभर लांबी, प्लॅस्टिकचं अंग आणि म्हणे रणगाडा! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण एक सांगून ठेवतो, मी खेळणं नाही. खेळण्याची चाकं फिरली की पोरं खूश. माझ्या चाकावरचा नट न् नट खऱ्या गाडीवर जिथे असतो तिथेच आहे. टी-पंचावन्न जातीचा आहे मी, खऱ्याचा पस्तिसावा हिस्सा. तेव्हा जरा मानाने ऐका.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यात झाला, पण त्याला जन्म म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा मी नुसते तुकडे होतो, प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले. खोक्यावर मात्र धुरळा उडवत धावणाऱ्या रणगाड्याचं झकास चित्र. हैदराबादच्या एका दुकानातून यासेरने मला उचललं, नांदेडला आणलं आणि कपाटावर टाकून दिलं. तिथे माझ्यासारखी बरीच खोकी धूळ खात होती. ह्या मॉडेल करणाऱ्या लोकांची ही खोडच आहे. घरातली खोकी छताला टेकलेली असतात आणि हे नवीन खोकं कुठे मिळेल ते शोधत फिरतात.

यासेर दातांच्या कवळ्या बनवतो. खाली दातांचा दवाखाना, वर त्याची कामाची खोली. दिवसा माणसांचे दात घासायचे आणि काम आटोपलं की त्याच हत्यारांनी आमच्या चाकांवरचे पट्टे घासायचे. बारीक ड्रिल, चिमटे, मेण, कवळीचा गुलाबी मसाला, सगळं हाताशी. त्याची बायको सदफ कधी डबा घेऊन वर आली की फळीवरची तयार रणगाड्यांची रांग बघून म्हणायची, "बच्चे के खिलौने कम, तुम्हारेच ज्यादा हैं जी!" यासेर हसून पुन्हा भिंगात डोळा घालायचा. पण त्याला ते लागायचं. हैदराबादेत मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे एकदा आपलं काम मांडावं, जाणकारांनी वाकून पाहावं, एवढं त्याच्या मनात होतं.

माझं नशीब उघडलं ते एका दुखऱ्या हिरडीमुळे. बिलोलीकडच्या एका खेड्यातले ग्यानोबा नवी कवळी टोचते म्हणून भांडायला आले होते. डॉक्टरांनी त्यांना वर पाठवलं. कवळी हातात, तोंड बोळकं, आणि म्हातारबा फळीसमोर थबकले ते थबकलेच. कवळीचं भांडण राहिलं बाजूला.

"हे रणगाडे कोण केले?"

"मीच केले, काका."

"चांगले हायत. पण मेलेले दिसून राहिले."

यासेरचा चेहरा उतरला. "काहून?"

"डायवरचं झाकण बंद हाय समद्यांचं. आत माणूस हाय का न्हाई, कसं कळावं?" मग छाती जरा पुढे काढून म्हणाले, "मी डायवर होतो बाबा. फौजेत. टी-पंचावन्न."

झालं! यासेरने स्टूल ओढून मला कपाटावरून खाली काढलं. वर्षानुवर्षं बंद खोक्यात पडलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ट्यूबलाइटचा उजेड पाहिला.

त्यानंतर ग्यानोबा एसटीने येत राहिले. कवळी कधीच बसली होती, पण निमित्त म्हणून खिशात आणायचे. यासेर माझे तुकडे चौकटीतून कापायचा, कडा घासायचा, चिकटवायचा, आणि म्हातारबा शेजारी बसून सांगायचे. बादली कुठे टांगायची, ताडपत्री कशी गुंडाळायची, डायवर उतरताना पाय कुठे ठेवतो आणि तिथला रंग कसा उडतो. माझं डायवरचं झाकण उघडं ठेवलं गेलं. आत इवलीशी सीट आणि दोन दांडे बसले, गाडी वळवायचे. खोक्यात बादली नव्हती म्हणून यासेरने ती कवळीच्या गुलाबी मसाल्यातून कोरली आणि वरून हिरवा रंग मारला.

मग आलं मळवणं. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वेड्यांचा बाजार वाटेल. आधी मला कोरा करकरीत हिरवा रंगवला आणि मग त्याच माणसाने जीव टाकून घाण केला! खाचांत काळं पातळ तेल सोडलं. स्पंजच्या तुकड्याने ओरखडे काढले. धुळीसाठी त्याने गोदावरीकाठची माती वस्त्रगाळ करून आणली, तर ग्यानोबा उसळले.

"अरे, आमची गाडी राजस्थानात, काळी माती कुठून आली? तिथं पिवळसर असती, पिठावाणी. नाका-तोंडात जाती."

मग रंगीत खडू घासून, चाळून, पिवळसर धूळ तयार झाली. ती ब्रशने अलगद बसवली. वरून पक्का थर मारला असता तर टिकली असती, पण धुळीची कळा जाते म्हणून यासेरने मारला नाही. प्रदर्शनात कोण हात लावतो? असा त्याचा हिशेब. मला विचाराल तर मी देखणा झालो होतो. आत्ताच वाळवंटातून आलोय, इंजिन अजून गरम आहे, असा.

ग्यानोबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "आमच्या साहेबानं असली मळकी गाडी पाहिली असती तर रगडा दिला असता, मैदानभर पळवलं असतं. पण चालतंय. गोळीबाराच्या रेंजवरून आलेली दिसती." मग एकदम म्हणाले, "यासेर, ही एकदा माझ्या घरी नेशील का?"

यासेरने ब्रश खाली ठेवला. म्हातारबा मान खाली घालून बोलले. लढाई त्यांनी पाहिली नव्हती, नुसते सराव. गावात सुट्टीवर आलं की लोक विचारायचे, किती मारले? एकही नाही म्हटलं की उठून जायचे. त्याचं काही नाही. पण त्यांची तान्ही मुलगी तापाने गेली तेव्हा ते सरावावर होते. तार आली ती कचेरीच्या तंबूत पडून राहिली. हे घरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, पाळणासुद्धा कुणाला तरी देऊन झाला होता.

"तवापासून माझी बायकू साखराबाई त्या गाडीचं नाव घेऊ देत न्हाई. मी रग्गड येळा सांगाया बसलो, उठून जाती. फोटू काढू देत न्हवते आम्हाला. तिला एकदा दाखवायची हाय बाबा, मी कुठं बसत होतो. बस. एवढंच."

म्हणून हैदराबादचा रस्ता बिलोलीवरून धरला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी यासेरने मला कापसाच्या खोक्यात बसवलं, मोटारसायकलवर बांधलं आणि संध्याकाळी ग्यानोबांच्या दारात उतरवलं. मोटारसायकल तिथेच ठेवून सकाळच्या बसने पुढे जायचं ठरलं होतं.

साखराबाई चुलीपुढे होत्या. ग्यानोबा उंबऱ्यातून म्हणाले, "अगं, पावणा आलाय. काहीतरी आणलंय दाखवाया."

बाईंना कुणी आधीच कळवलं असावं. त्यांनी मान वळवली नाही. "पावण्याला भाकर घालीन पोटभर. त्या डब्यातली सवत मातुर माझ्या घरात उघडायची न्हाई."

सवत! अहो, मी रणगाडा, गडी माणूस. ग्यानोबा मला गाडी म्हणायचे ते मी सोसलं, आता थेट सवत झालो. पण त्या आवाजात अशी धार होती की माझा राग जागच्या जागी विरला. ग्यानोबांनी मला ओसरीवर बाजेखाली सरकवलं आणि दोघे जेवायला बसले.

सकाळी झुंजुमुंजू झालं. यासेर मागे न्हाणीत गेला, ग्यानोबा बैलांकडे. ओसरीवर पावलं वाजली. कुणीतरी बाज सरकवली, झाकण उचललं. साखराबाई!

त्यांनी पदराने नाक पुसलं. "तूच का ती?"

मग त्यांनी करंगळी पुढे केली आणि माझ्या डायवरच्या भोकात घातली. अर्धं पेरसुद्धा आत गेलं नाही. करंगळी तशीच ठेवून त्या पुटपुटल्या, "अगं माय! एवढ्यात बसत होते?"

मग दोन्ही हातांनी मला वर उचललं आणि एकदम करवादल्या, "शी! केवढी धूळ ही! एवढा लांबून आणला अन् कुणी पुसलं बी न्हाई. बापे लोक मेले असेच."

मला पुढचं कळलं, पण पळ काढायला माझी चाकं फिरणारी नव्हती. बाईंनी मला अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवलं. तांब्याभर पाणी डोक्यावर. मग साबण. मग जुना दातांचा ब्रश. कसलं काळं तेल आणि कसली पिवळी धूळ! राजस्थान माझ्या अंगावरून निथळत मोरीत गेलं. अँटेना मोडली. बादली निसटली, तिला इतकी घासली की हिरवा रंग जाऊन ती गुलाबी झाली. बाई मात्र मन लावून, लेकराच्या कानामागे घासावं तशा माझ्या खाचाखाचांतून ब्रश फिरवत होत्या. इतक्या मायेने माझं वाटोळं कुणीच केलं नसतं.

यासेर डोकं पुसत आला आणि पुतळा झाला. टॉवेल हातातून गळला. मागून ग्यानोबा आले, त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग यासेरकडे, आणि कपाळाला हात लावून खाली बसले.

"साखरे! काय केलंस हे! लेकराची मेहनत होती गं ती!"

बाई गोंधळल्या. हातात मी, साबणाने माखलेला. "काय झालं? धुतली की. घरात आलेल्याला असंच ठेवतेत का? खराब झाली का, बाबा?"

मी यासेरचा चेहरा ओळखतो. भिंगाच्या पलीकडून महिनोन्महिने तोच पाहिलाय. तोंड उघडलं होतं त्याने आणि जे येणार होतं ते वाईट होतं. डोळे भरले होते. पण त्याची नजर बाईंच्या हातांवर गेली. ज्या गाडीचं नाव त्या घरात निघत नव्हतं ती त्यांनी छातीशी धरली होती, लुगडं ओलं झालं तरी.

"नाही मावशी," तो म्हणाला. "साफ झाली."

बाईंनी मला पदराने टिपलं, ग्यानोबांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं आणि समोर बसल्या.

"सांगा आता. पोर गेली तवा तुम्ही ह्याच्यात कुठं होता?"

ग्यानोबांचं बोट माझ्या उघड्या झाकणाशी आलं. "इथं. दुपारी रेंजवरून आलो तर तार दिली हातात. वाचली. अन् परत इथंच उतरलो."

"कशाला? लगीच निघायचं सोडून?"

"रजा लिहून मिळंपत्तूर थांबायचं होतं. झाकण ओढून घेतलं वरून." म्हातारबांचं बोट झाकणावरून फिरलं. "रडाया. तंबूत समदे असतेत, फौजेत रडाया जागा न्हाई, साखरे. आत लोखंड तापलेलं, अंधार. तिथं रडलो पोटभर."

"तुम्ही घरी आलात तवा डोळ्यात टिपूस न्हवता. मी म्हनलं, ह्या माणसाला लेकरूच न्हवतं का."

"तिथंच संपवून आलो होतो."

बाईंनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि हुंदका आला तो आवरला नाही. ग्यानोबाही रडले, ह्या वेळी उघड्यावर, अंगणात. यासेर बैलांकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजला, दोनदा वाजला, आणि बस गेली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

निघताना रिकामं खोकं मोटारसायकलला बांधत तो म्हणाला, "काका, हिला इथंच राहू द्या." ग्यानोबा नको नको म्हणत राहिले. त्याने ऐकलं नाही.

आता मी साखराबाईंच्या टीव्हीशेजारी असतो. अंगावर ना धूळ, ना ओरखडे. एखाद्या जाणकाराने पाहिलं तर नाक मुरडेल, कुणा शिकाऊ पोराने रंगवला म्हणेल. म्हणू दे. यासेरने कपाटावरचं दुसरं खोकं उघडलंय असं कानावर आलंय. त्याला हैदराबादेत लोकांनी वाकून पाहावं, ही माझी मनापासून इच्छा आहे. आणि तुमच्याही घरात असं एखादं वेडं माणूस भिंगात डोळा घालून बसत असेल, तर त्याला हसताना जरा बेताने हसा.

दर शनिवारी बाई मला दगडावर नेतात. ग्यानोबा कुरकुरतात, "अगं, रंग जाईल तिचा." त्या ऐकत नाहीत. ब्रश फिरवता फिरवता माझ्याशी बोलतात, घरातलं, गावातलं. परवा इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि हळूच विचारलं, "काय गं, तुझ्याकडं होते तवा जेवत होते का येळेवर?"

मला काय ठाऊक? मी तेव्हा कुठल्या चौकटीलाही लटकलेला नव्हतो. वाळवंट मी पाहिलं ते खडूचं. पण मला तोंड असतं ना, तर मी बेधडक खोटं बोललो असतो. हाव बाई, जेवत होते. रोज, गरम, पोटभर.