गुडघा, दहापैकी

लोहाऱ्याच्या महांतप्पांनी आयुष्यात कुणाकडं तक्रार केली नव्हती. एकदा गल्लीतल्या गुंडाप्पाचा बैल त्यांच्या किराणा दुकानापुढं थेट त्यांच्या पायावर उभा राहिला. महांतप्पांनी आधी गुंडाप्पाला बसा म्हटलं, चहा सांगितला, तो पिऊन होऊ दिला आणि मग बैलाला घाई नसेल तर जरा सरकायला सांगा म्हणाले. अशी माणसं आता घडत नाहीत. घडली तरी त्यांच्या पायाचं काही खरं नाही.

त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेला होता. दुकानाचं ते चालवून घेत. गिऱ्हाईकच आत येऊन साखर मोजून घेई. पण रोज सकाळी मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, ती आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होत होती. हातात महादेव आणि खाली निळी खुर्ची, हे त्यांना आतून खात होतं. बोलले मात्र नाहीत.

धाराशिवला फार्मसी शिकणारी त्यांची मुलगी शिवरंजनी हिला नेटवर सोलापूरची एक ट्रायल सापडली. गुडघ्याच्या नव्या औषधाची चाचणी. तपासण्या फुकट, एसटीचं भाडं, वर बुडालेल्या दिवसाचे पैसे. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरला. पुडीत काय आहे हे दुकानदारालाही माहीत नाही आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगतात, असा व्यवहार महांतप्पांनी इतक्या वर्षांच्या धंद्यात पाहिला नव्हता. ते खूश झाले.

गुंडाप्पा खूश नव्हता. "उंदरं संपली असतील म्हणून माणसं धरायलेत, अण्णा," तो म्हणाला. "शेपूट फुटलं तर आधी मला दाखवा."

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर सोनालीनं सगळी माहिती मराठीत वाचून दाखवली. नको वाटलं तर मधूनच सोडून जाता येतं, कुणी रागावणार नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, "काका, दुखणं दहापैकी किती?"

महांतप्पांनी तिच्याकडं पाहिलं. पोर सकाळपासून उभी दिसत होती. पाहुण्यानं परक्याच्या घरी जाऊन रडगाणं लावायचं नसतं.

"एक," ते म्हणाले.

इतकं कमी दुखणाऱ्याला ट्रायलमध्ये घेता येत नव्हतं. काही आठवड्यांनी पुन्हा या, सोनालीनं सांगितलं, पण उत्तर त्यांचं त्यांनीच द्यायचं.

बायको उमाबाई सोबत आल्या होत्या. एसटीत बसल्यावर म्हणाल्या, "अहो, रात्री उशी चावता अन् डॉक्टरला एक सांगता? मग ती उशी काय मी चावायलेय व्हय?"

शिवरंजनीनं नियम घातला, अप्पांना आकडा शिकवायचा नाही, फक्त खरं बोलायला शिकवायचं. घरात तक्रारीची शिकवणी सुरू झाली. उमाबाईंनी बिनसाखरेचा चहा दिला. छान झालाय, महांतप्पा म्हणाले. बिनमिठाचं पिठलं वाढलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. गल्ली हळहळली. ज्याला त्याला वाटायचं, आपल्यापाशी तरी अण्णा चिडतील. लोक मुद्दाम येऊन त्यांचा वजनकाटा खोटा म्हणत, आणि ते माफी मागत.

शेवटी गुंडाप्पा मदतीला म्हणून बैल घेऊन आला. बैलाला जुनी ओळख होती. त्यानं महांतप्पांच्या पायाकडं पाहिलं आणि खूर उचलला.

"गुंडाप्पा," महांतप्पा म्हणाले, "बैल आवरा. दुखतं."

गल्लीत कुणी हललं नाही. बैलसुद्धा खूर तसाच धरून थांबला. उमाबाई आत गेल्या आणि चहात साखर घालून घेऊन आल्या.

दुसऱ्या खेपेला सोनालीनं तोच प्रश्न विचारला. महांतप्पांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आठ," ते म्हणाले, आणि राहवलं नाही म्हणून पुढं, "तुम्हाला तरास नसंल तर."

त्यांना ट्रायलमध्ये घेतलं. आठवडे गेले. गोळी वेळेवर घ्यायची, ठरल्या तारखेला सोलापूर गाठायचं. शेपूट फुटलं नाही. गुंडाप्पा रोज सकाळी चौकशी करी. अजून न्हाय, महांतप्पा त्याला वाईट वाटू नये अशा बेतानं सांगत. पण गुडघाही सुधारला नाही, आणि हे जास्त अवघड होतं. मधूनमधून सोनाली फोन करून पोटच्या पोरीसारखी विचारपूस करी. तिला दर वेळी तोच आठ द्यायचा, म्हणजे पाहुण्यापुढं रोज शिळी भाकरी ठेवल्यासारखं त्यांना वाटे.

शेवटच्या तपासणीला जाताना एसटीत त्यांनी मनाशी तीन ठरवला. तीन चांगला आकडा होता, पोरीला बरं वाटलं असतं. नळदुर्ग मागं पडलं आणि त्यांना तूरडाळ आठवली. किडक्या डाळीला भिडेखातर चांगली हाय म्हटलं, की व्यापारी पुढच्या खेपेला तीच पोत्यानं धाडतो, आणि गाव ती खातं. आपल्या तीनावर उद्या कुणी तिसराच म्हातारा ही गोळी विकत घेईल आणि निळ्या खुर्चीवरच बसून राहील. सोलापूर येईपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

"आठच हाय, ताई," ते सोनालीला म्हणाले. "काडीचा फरक न्हाय."

सोनालीनं पेन खाली ठेवलं. "थँक्यू, काका. मला वाईट वाटू नये म्हणून बरेच जण बरं हाय म्हणतात. मग आम्हाला काहीच कळत नाही."

तक्रारीबद्दल माणसाचे आभार मानतात, हे महांतप्पांना या वयात कळलं. तिनं तिथंच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला, या काकांचा गुडघा आता नीट बघायचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निळ्या खुर्चीवर बसले. इष्टलिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, डोळे मिटले. एरवी ते देवालाही सगळं बरं हाय असंच सांगत. आज त्यांनी मोकळा हात गुडघ्यावर ठेवला. स्वयंपाकघरात उमाबाईंनी ऐकू यावं म्हणून गॅस बारीक केला.

"देवा," महांतप्पा म्हणाले, "गुडघा आठ. बाकी बरं हाय."