देवची गिन्नी

"दादाला शेवटची अंघोळ कोणी घातली?"

कार्डिफच्या फ्लॅटमध्ये देवनं हे तीनदा विचारलं. कस्तुरीवहिनी भिंतीकडे बघत राहिली. दादाच्या कंपनीच्या माणसानं फोन ठेवून दिला.

मी गिनी देशाचा तांबडा दगड बोलतोय. उत्तर मलाही ठाऊक नाही.

माझा जन्म आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळचा. तिथं अर्धं वर्ष पाऊस कोसळतो. तो माती धुऊन नेतो आणि मागे माझ्यासारखं बॉक्साइट उरतं. तिथल्या डोंगरांत मोठमोठ्या नद्या जन्मतात आणि परक्या मुलखांत निघून जातात. आम्हीही जातो, रेल्वेनं बंदरावर आणि तिथून जहाजानं. आमचं ॲल्युमिनियम होतं. वहिनी पोळ्या गुंडाळते ती फॉइल माझ्याच भाऊबंदांची असेल. आमच्या गावात खड्डे राहतात.

देवचा दादा, परीक्षित, तिथल्या खाणीवर दगड तपासायचा. तो निघाला तेव्हा धाकटा देव म्हणाला होता, "दादा, गिनीला चाललायस तर एक गिन्नी आण. सोन्याची."

"येड्या, देश आहे तो. नववी तरी पूर्ण करायची होतीस."

सुट्टीत आल्यावर त्यानं मला देवच्या हातात ठेवलं. माझ्या पाठीवर मार्करनं लिहिलं होतं: देवची गिन्नी.

"धोंडा आणलास होय," म्हणत देवनं मला दाराला अडकण लावलं. दादा हसतच परत गेला.

पुढच्या पावसात तिथल्या खाडीच्या तोंडाशी त्याची बोट उलटली. बॉडी रिकव्हर झाली नाही, एवढंच कंपनी सांगते.

तेव्हापासून वहिनी मला मांडीवर घेऊन बसते. त्या दोन शब्दांवरून बोट फिरवते. "सगळं लॅपटॉपवर लिहायचा. हातचं एवढंच राहिलंय," म्हणते.

आज ती मृत्यूच्या दाखल्याची चौकशी करायला कौन्सिलला गेली होती. देवनं बादलीत कोमट पाणी काढलं.

"दादा, मी घालतो," तो म्हणाला.

साबण लावून त्यानं मला ब्रशनं घासलं. मी मऊ जातीचा, तांबडं पाणी सुटलं. त्याला तो मळ वाटला. तो रडत आणखी जोरात घासत राहिला. थांब म्हणायला मला तोंड नव्हतं. मग टॉवेलनं टिपून त्यानं मला बुद्धमूर्तीपुढे ठेवलं.

वहिनी आली. तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"देव, त्यांचं अक्षर कुठंय?"

ड्रॉवरमधून मार्कर काढून त्यानं मला गुडघ्यांत धरलं आणि दादा काढायचा तसा 'दे' काढू लागला. मी अजून ओला होतो. शाई उमटेना.